मध्ये कोणी नाही

शलाका उमाठे डबा घेऊन आली भर दुपारी,
स्कूटरच्या पायदानावर, दोन पायांत धरून.
उन्हाचा दुपट्टा डब्याला गुंडाळलेला,
तोंड उघडंच.
नंदनवनच्या रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं.
"काका, बाबांचं सगळं याच्यातच आहे,
पण घरी हे दिसूनच नाही राहिलं."

राउटर जळला होता तिच्याकडचा, परवाच्या व्होल्टेजमध्ये.
राउटर म्हणजे मध्यस्थ.
तुला हा नंबर, त्याला तो,
बसा आपापल्या जागी, निरोप मी नेतो.
तो गेला की डबा नुसता घुमत राहतो,
चार डिस्का, एक पंखा,
पत्ता नाही.

अकरा वर्षं मी आणि उमाठे असेच बोललो,
हिशेबनिसाच्या तोंडून.
एक लग्न हरवलं होतं, टेंभुर्ण्यांचं.
तो म्हणे मी पुसलं, मी म्हणे त्यानं.
शेवटी स्टुडिओची पाटी करवतीनं कापली,
त्यानं त्याचं नाव नेलं,
माझ्या दारावर अजून आहे
'आणि डेकाटे'.
गिऱ्हाईक विचारतं, आणि म्हणजे?

ड्रॉवरमध्ये निळी केबल सापडली, दोन मीटरची,
एका टोकाची कडी तुटलेली.
पूर्वी दोन यंत्रं थेट जोडायची तर
तार आतून उलटी करावी लागे,
नारिंगी जोडी हिरव्याच्या जागी,
म्हणजे याचं बोलणं त्याच्या कानात पडे.
सरळ तार लावली तर
दोघं एकाच जोडीवर बोलत,
दुसरीवर दोघंही कान देऊन बसत,
आणि काहीच घडत नसे.
आता यंत्रं आपसात ठरवून घेतात.

दिवा लागला नाही.
टोक दाबून धरलं, माचिसची काडी खोचली,
तेव्हा नारिंगी,
मग हिरवा, लुकलुकत.
तरी डबा दिसेना.

कोणी पत्ता देईल म्हणून डब्यानं वाट पाहिली असणार.
कोणीच देत नाही म्हटल्यावर यंत्र स्वतःच एक घेतं,
एकशे एकोणसत्तर, दोनशे चोपन्न,
पुढचे आकडे मनाला येतील ते.
माझ्या मशीनला मात्र जुना नंबर होता,
मी हातानं दिलेला, पक्का,
दुसऱ्याच मोहल्ल्यातला.
खूप वेळ मी त्याच्याकडे पाहिलं.
मग काढून टाकला.
माझ्या मशीनलाही होऊ दिलं बेवारस.
मिनिटभरात डबा समोर.

पासवर्ड औषधाच्या चिठ्ठीमागे होता.
शलाकानं टाकला, चुकीचा. परत टाकला, चुकीचा.
"तो एक नाही," मी म्हणालो, "सात आहे.
तुझ्या बाबाचा सात असाच."

आत लग्नं तारखेनं, बारशी आडनावानं,
मग 'इतर', मग 'इतर २',
मग 'इतर खरंच'.
टेंभुर्णे 'इतर २' मध्ये होते.
तीन तास अकरा मिनिटं, सगळे.
उमाठेनं हे उघडून पाहिलं होतं की नाही
ते डब्याला विचारता येतं, तारीख दाखवतो तो.
मी विचारलं नाही.

व्हिडिओत लॉनच्या कोपऱ्यात मी,
काडीसारखा, लाइटचा स्टँड धरून,
कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलतो.
काय ते बँडमध्ये ऐकू येत नाही.
फ्रेम हलते.
कॅमेऱ्यामागे कोणीतरी हसतंय.

"कॉपी करून घ्या न काका," शलाका म्हणाली.
एक तास दहा मिनिटं, असं दाखवलं.
मग चाळीस. मग परत दोन तास.
कूलर कोरडा खडखडत होता.
"पाणी टाकू का?"
"टाक.
पण त्या तारेला पाय लावू नको,
कडी तुटकी आहे तिची."