सुट्टे

सव्वीस वर्षं मी लोकांकडे सुट्टे मागितले.
वडाळा डेपो. खांद्याला चामड्याची पिशवी,
अंगठा कायमचा काळा.
दिवे गेलेल्या बसमध्ये, पुलाच्या उतारावर, उभ्या उभ्या
बोटांना कळायचं: ही आठ आणे, हा रुपया,
हा कुणीतरी खपवलेला नेपाळी.
आता पोरं फोन पुढे करतात, यंत्र कुंईं करतं.
पिशवी हलकी. बोटांना काम नाही.

म्हणून असेल.
फरकाचे पैसे आले त्या शनिवारी
फोर्टात, बंद घड्याळं आणि बिनकुलपाच्या किल्ल्या मांडून बसणाऱ्या
हकीमुद्दीनभाईंच्या काचेपाशी थांबले
आणि जन्मात पहिल्यांदा
एका नाण्यासाठी नोटा मोजल्या.

"बंदा आहे, बाई. एकोणीसशे सात.
खाली फुलात बारीक बी दिसतो? म्हणजे इथलाच,
आपल्या टाकसाळीतला. लांब गेलाच नाही बिचारा."
वाजवला. खणखणला, फुटपाथ क्षणभर गप्प झाला,
निदान मला तसं वाटलं.
तळहातावर एक तोळा,
उघड्या डोक्याचा राजा, दाढीच्या खाचेत काळोख.
"एकच सांगतो," ते म्हणाले. "घासू नका."

मी घासला.
घटस्थापनेच्या आदल्या रात्री
देवाची चांदी उजळणारा हात हा,
हा कुणाचं ऐकतो?
रांगोळी, लिंबू, मऊ फडकं.
राजा नवरदेवासारखा लख्ख.

पुढच्या शनिवारी मोठ्या ऐटीत समोर ठेवला.
हकीमुद्दीनभाईंनी डोळ्याचं भिंग काढलं,
चहा मागवला,
चहा आला, गार झाला.
"शंभर वर्षं बसली होती त्याच्यावर," मग म्हणाले.
"तुम्ही दहा मिनिटांत उतरवलीत."

मी रोज माणसं उतरवत आले.
बिनतिकीट, दारुडी, एकदा तर कोंबड्यांसकट एक म्हातारी.
इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

उठले, तेव्हा त्यांनी खालचा डबा ओढला,
वितळवायला जायचा माल ठेवतात तो.
"हा न्या. ह्याचं आता कुणी काही बिघडवू शकत नाही."
कंपनीचा रुपया, अठराशे चाळीस.
राणीच्या गालावर खड्डे:
एक चंद्रकोर, एक टिंब,
मानेवर एक फुली, केसांत आणखी काहीतरी.
"सराफांचे ठसे. हातात आला की पारखायचा,
खरा निघाला की आपली खूण उठवायची.
पुढच्याला त्रास नको."
"पंच," मी म्हणाले.
"हां. पंचच."

मग मला हसू आलं, ते थांबेचना.
मी किती लाख तिकिटांना भोकं पाडली,
स्टॉपावर उतरताच चुरगळून गटारात गेली सगळी.
जायचीच. तिकीट ते तिकीट.
आणि ही बाई चार माणसांनी पंच केलेली,
कुठे चढली, कुठे बदलली, कुणाच्या कनवटीला घामेजली,
अजून उतरलेली नाही.
"दागी माल," ते म्हणाले. "शौकीन हात लावत नाहीत.
चांदीच्या भावात द्या."

घरी माझी तिकिटांची पत्र्याची पेटी आहे.
यंत्रं आली तेव्हा जमा करायची होती.
हरवली म्हणून लिहून दिलं, दीडशे रुपये कापून घेतले.
त्याच खाचा: तीनची, पाचची, सातची, शेवटी हाफ तिकीट.
घासलेला राजा हाफ तिकिटात ठेवलाय.
काळा पडेल हळूहळू. माझ्या हयातीत नाही, पण पडेल.
राणी पाचात.
बाकी खाचा मोकळ्या.

रात्री भांडी झाली की पेटी मांडीवर घेते,
पंचनं पत्र्यावर टकटक करते, जुनी खोड.
आतून धाकटी ओरडते, "आई, आता कोण चढलं?"
कुणी नाही, म्हणते. झोप.
एक अंकुशी आहे, कानाशी ठसा असलेला,
भाईंनी बाजूला काढून ठेवलाय.
पुढच्या शनिवारी.
सुट्टे जमवतेय.