सोडत सोडत थांबणं

आर्विड्सयाउरच्या पुढे, जिथे रस्ता संपून
नुसता पांढरा उतार उरतो, तिथे माझं गॅरेज.
बाहेर उणे एकतीस. आत डिझेलचा हीटर
दमेकऱ्यासारखा खोकतोय.

टेबलावर एक काळी पेटी, तळहाताएवढी.
हिचं धड गाडीतच आहे, सहा नळ्यांना बांधलेलं:
दोन पायाकडून येणाऱ्या,
चार चाकांकडे जाणाऱ्या.
इथे आहे ते डोकं.

योव्ना स्टुलावर बसलाय, टोपी न काढता.
"आधी पिवळा दिवा लागला, हिलेवी.
मग मागची चाकं धरूनच बसली.
ट्रॅक्टरने ओढत आणली,
तळ्यापासून इथवर दोन रेघा आहेत बघ."

मी झाकण कापते. हात कामात असले
की मला बोलता येतं.
प्रत्येक चाकापाशी एक कारकून बसलेला असतो,
दातेरी कड्याचे दात मोजत.
तीन चाकं सांगतात चाळीस.
चौथं सांगतं शून्य.
गाडी तर पळतेय, मग हे एकटं थांबलं कसं?
थांबलेलं नाही. घसरतंय.
खोटं बोलतंय.

ते खोटं ही पकडते.
एक झडप मिटते: तुझ्या पायाचा जोर दाराबाहेर.
दुसरी उघडते: आत कोंडलेलं तेल सुटतं.
चाक फिरतं, पुन्हा जमिनीचं ऐकू लागतं,
आणि चाक फिरतंय तोवरच
स्टिअरिंगला काही अर्थ असतो.
मग पुन्हा आवळ. पुन्हा सोड.
सेकंदाला दहादा, कधी त्याहून जास्त.
सुटलेलं तेल पंप मागे ढकलतो,
ते तुझ्या तळपायाला लागतं.

"लागलं होतं," योव्ना म्हणतो.
"ऑक्टोबरात. वळणावर रेनडिअरची मादी, मागे पिल्लू.
मी दाबला, तर पेडलने लाथ मारली.
वाटलं, खाली काहीतरी तुटलं.
म्हणून पाय उचलला."

सोल्डरिंगच्या टोकावरचा धूर मी फुंकरीने बाजूला करते.

"कानावरची खूण बहिणीची होती.
तिला फोन मीच केला."

भिंगाखाली सापडते ती:
केसाएवढी चीर, जोडाभोवती गोल.
थंडीत आखडायचं, गरमीत सैलावायचं,
असे नऊ हिवाळे.
वीज तुटली तेव्हा मागची मोटर आवळलेली होती,
आणि तिचा स्क्रू आपण होऊन मागे फिरत नाही.
हे मुद्दामच तसं केलंय, मी सांगते.
उतारावर उभ्या गाडीने
बॅटरी मेली म्हणून चालू लागायचं नसतं.

"किती आवळायचं, ते हिला कळतं कसं? दोरी तर नाही."

मोटर जितकी कुंथते तितकी वीज पिते.
ही तो घोट मोजते, आणि पुरे म्हणते.
पण तापलेली डिस्क निवते, अंग चोरते,
पकड सैल पडते.
तेव्हा गाडी बंद, माणूस घरात, जेवण झालेलं,
आणि ही मध्येच जागी होते,
कुलूप लावून गेलेला माणूस परत येऊन
एकदा ओढून बघतो ना,
तशी.

दुपारी तीनला उजेड संपायच्या आत
मी त्याला तळ्यावर नेलं.
समोर एक रिकामा कॅन ठेवला.
दाब, म्हटलं. थरथरेल. थरथरू दे.

पहिल्यांदा त्याने पाय उचलला. कॅन उडाला.
दुसऱ्यांदाही.
मी उतरून तो दोनदा आणला, शिव्या न देता.

तिसऱ्यांदा त्याचा गुडघा हलताना दिसला मला,
करकर, धडधड, बर्फाखाली कुणी दार ठोठावतंय जसं.
स्टिअरिंग जरासं डावीकडे.
कॅन उजव्या आरशाशेजारून मागे गेला.
गाडी थांबली.
पाय मात्र तिथेच होता,
बराच वेळ.

मजुरी म्हणून त्याने सुकं मांस दिलं, आणि थोडे पैसे.

त्या रात्री त्याच्या अंगणात, म्हणे,
गाडीच्या पोटातून एकदाच कुरकुर आली.
कुत्र्याने एक कान उचलला,
आणि परत ठेवला.