उरलेलं

साखरीनाट्याच्या सोसायटीत
डिझेलचा हिशेब आता मॅक्रो करतो.
मी त्याला शिकवलं:
होडीवाल्यांच्या मेसेजात 'डिझेल' दिसलं
की त्याच्या पुढून उचल,
'लिटर'च्या अलीकडे थांब,
उरलेलं टाकून दे.

पहिल्या दिवशी एकशेवीसचे वीस झाले.
तो शून्यापासून मोजतो,
आमची इंदराबाय बांगडे मोजते 'लाभ'पासून;
मधल्या मधे एक मी बुडवला.

आता चुकत नाही.
रोज पहाटे रकान्यात नुसते आकडे,
सुकटीसारखे कोरडे.

काल वीज गेली.
फोन घेऊन मेसेज डोळ्यांनी वाचत बसलो.
सोलकर तांडेलांचा, टिंब नाही, विराम नाही:

डिझेल १२० लिटर लिवा आनि
बशीरच्या घरी सांगा ताप उतरत नाय
तो सारखी आयशीला हाक मारतो

तारीख मंगळवारची.
आज शनिवार.

रकान्यात मंगळवारासमोर: १२०.
अगदी बरोबर.