मनमिळाऊ

निधनवार्ता माझ्याकडे होत्या, एकोणीस वर्षं.
आधी नारायण पेठेत, जिन्याखालच्या टेबलावर,
मग बाणेरला, सातव्या मजल्यावर,
जिथली खिडकी उघडत नाही.

फोन यायचा.
नाव, वय, मागे कोण कोण,
वैकुंठात किती वाजता.
मी विचारायचे, अजून काही सांगता?
कुणी भरभरून सांगायचं,
कुणी नुसतंच थांबायचं.
खडकीच्या फॅक्टरीतल्या एकाचा मुलगा म्हणाला,
लिहा काहीही,
आणि फोन ठेवला.

अशांसाठी माझ्याकडे एक शब्द होता.
मनमिळाऊ स्वभावामुळे ते परिसरात परिचित होते.
कुठला परिसर, कुणाला परिचित,
कुणी विचारलं नाही.
ज्यांच्याबद्दल कुणी बोललं, त्यांना तो कधी लावला नाही.
एवढी एक खूण माझ्यापुरती.

चुकायचेही मी.
एकदा हयात मेव्हण्यांना कैलासवासी केलं.
ते स्वतः जिना चढून आले, दम खाऊन म्हणाले,
बाई, एवढी घाई नको.

आता फॉर्म भरला की बातमी तयार,
चहा ओतेपर्यंत.
धरणसाठाही तेच लिहितं,
खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर,
दशांशचिन्हासकट.
मार्केट यार्डातले भावही.
तिथे बोधनी पहाटे चारला उभा असायचा,
कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाय न देता
चालायला शिकलेला.
तो आता कात्रजला मेहुण्याच्या दुकानात टाइल्स विकतो.
भेटला की अजून विचारतो,
आज मेथी काय?
मला कुठे ठाऊक.

मला ठेवलंय तपासायला.
सकाळचे दोन तास, नगावर पैसे.
ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक. सुनांची नावं बिनचूक.
मी नुसती खालची खूण दाबत जाते.

परवा धायरीचे एक गृहस्थ आले, वय एकाहत्तर.
'विशेष माहिती' हा रकाना रिकामा.
आणि बातमीत, तिसऱ्या ओळीत,
मनमिळाऊ.

मी मागच्या काढून बघितल्या, शंभर-सव्वाशे.
रकाना भरलेला, तिथे शब्द नाही.
रिकामा, तिथे आहे.
एकदाही चुकलेलं नाही.

माझ्या सगळ्या बातम्या त्याला घातल्या होत्या,
हे माहीत होतं. सहीच केली होती मी.
पण फोनवरचं ते थांबणं
कधी कुठे छापलं होतं?

फॉर्मवर नंबर होता. लावला.
बाई होत्या. म्हणाल्या,
सगळं भरलंय की हो त्यात.
मी म्हटलं, हो. अजून काही सांगता?
मागे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.
मग म्हणाल्या,
लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचे.
आमचा तेवढा बारा वर्षं बंद.
आणि हसल्या की काय, कळलं नाही.

मी तो शब्द काढला.
रेडिओ लिहिला. बारा वर्षं लिहिली नाहीत,
मग लिहिली.
फोनचे पैसे धरत नाहीत.

दुरुस्ती साठवल्यावर खाली एक ओळ उमटली,
धन्यवाद, यातून आम्ही शिकतो.

मी वेळ पुन्हा एकदा बघितली.
वैकुंठ, साडेदहा.
बरोबर होती.