प्रतिवादीचा रकाना

वकीलबाई विचारतात, दावा कुणावर?
थोझामा म्हणते, त्या शिपायावर,
तोंडाला पेपरमिंटचा वास होता.
नाव? बिल्ला उलटा लावलेला.

अटकेसाठी पोलीसमंत्री, मी टाइप करतो.
ती हसते : तो कधी आला माझ्या दारात?
खटल्यासाठी सरकारी वकिलांचे संचालक,
साक्षीदार फिरल्यावरही
ज्यांच्या खात्यानं अकरा तारखा ओढल्या.

आणि शेजारीण?
शिलाई मशीन हिनंच नेलं, म्हणाली ती.
तिला खरंच तसं वाटलं, की ठरवून खोटं?
बाईंचं पेन थांबतं.

खिडकीबाहेर मखांडाच्या चढावर
गाढवं उभी.
मी आत होते तेव्हा
लेकाचा पहिला दात पडला, थोझामा सांगते,
तिनंच जपून ठेवला. काडेपेटीत.

मी तिसरा रकाना सोडून
तारीख टाइप करतो.