रीटच

रात्री दीडला कूलरमधलं पाणी संपतं
आणि अमरावती रोडवरच्या आमच्या खोलीत
वाळ्याचा नुसता कोरडा वास उरतो.
तेवढ्यात नवी पट्टी उतरते स्क्रीनवर,
शंभर किलोमीटर वरून टिपलेली,
लांबच लांब, लुगड्याच्या काठासारखी अरुंद.

माझं काम खड्डे मोजायचं.
प्रत्येकाभोवती एक हिरवं वर्तुळ,
सावलीच्या लांबीवरून खोली.
एकही सोडायचा नाही.

बाबा असते तर हसले असते या नोकरीला.
इतवारीत, पराते फोटो स्टुडिओच्या माळ्यावर
ते निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचे.
शिसाला सुईसारखं टोक,
श्वास रोखून
पोरींच्या गालांवरले डाग बुजवायचे.
किती लग्नं जुळली त्या टोकावर
त्याचा हिशेब नाही.

भागरता आत्याला सहाव्या वर्षी देवी आल्या होत्या.
तिचा फोटो त्यांनी दिवा अगदी समोर ठेवून काढला,
सावली पडायलाच नको म्हणून,
आणि चार रात्री त्यावर बसले.
आत्यानं तो खिडकीशी नेला, उलटसुलट केला.
"काहून रे मनोहर,
माह्या जागेवर कोन बसली होती?"

पौर्णिमेला असंच होतं.
समोरून उजेड, सगळं सपाट, गोरंपान.
फुटाळ्यावर लोक मोबाईल उंच धरतात
आणि त्यांना स्थळासाठी काढलेला चंद्र मिळतो.
आम्हाला तिरपं ऊन लागतं,
सूर्य नुकता कुठे वर आलेला,
तेव्हा एकेक कड उठून दिसते.
आज एक धोंडा उतारावरून घरंगळत गेलेला दिसला,
मागे ठिपक्याठिपक्यांची वाट.
कधी गेला, कोण सांगणार?
वारा नाही तिथे,
पुसणार कोण.

पहाटे डोळे थकले की खड्डे उलटतात,
टम्म टेकड्या होतात.
मग मी चित्र फिरवते, ऊन कुठून येतंय ते बघते,
तेव्हा पुन्हा खोल जातात.

स्टुडिओ विकला तेव्हा बिस्किटांचा एक डबा मी आणला.
त्यात आत्या होती, काळ्या चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची.
आज पट्टी यायला वेळ लागला
तर तिला टेबललॅम्पखाली धरली.
सरळ धरली तेव्हा काहीच नाही.
जरा तिरकी केली
आणि शिसं चमकलं:
कपाळावर, नाकाच्या बाजूला, हनुवटीखाली,
जिथे जिथे व्रण, तिथे तिथे बाबांचा एक ठिपका.

एकही सोडला नव्हता त्यांनी.

मी मोजायला लागले, एकोणीसपर्यंत आले,
तर पुढची पट्टी आली.