एकोणचाळीसला केसभर कमी

वायुसेनानगरच्या फाटकाबाहेर, दाभ्याकडच्या वळणावर
माझं दुकान. एक मशीन, एक इस्त्री, एक आरसा.
सत्तावीस वर्षं निळ्या पँटींच्या मोहऱ्या दुमडतो आहे.
कित्येकांच्या छातीवरचे पंख मीच टाचले,
सरळ, खिशाच्या वर, बोटभर अंतर सोडून.
आमच्या रुणालीनं लहानपणी त्यातला एक उचलून
दाताखाली धरून पाहिला होता,
जर खरी की खोटी.

वाराणसीहून तिचा फोन आला.
"बाबा, मशीनची परीक्षा झाली. पास.
हातात दांडी, पायाखाली पेडल, पडद्यावर पळता ठिपका.
ही आयुष्यात एकदाच देता येते."
एकदाच काऊन? म्हटलं,
माझ्याकडे तर ट्रायल दोनदा होते, कधी तीनदा.
ती हसली.
तिच्या मागे कोणीतरी हिंदीत रडत होतं.

मग राहिलं मेडिकल. बंगलोर.
डोळे, कान, रक्त, काळीज, ते त्यांचं ते पाहतील.
पण भिंतीपासून टाचेपर्यंत पाय
नव्याण्णव सेंटिमीटर हवा. कमी चालत नाही.
मी गळ्यातला टेप उलटा केला.
त्याची ती बाजू कधी वाचलीच नव्हती.
नव्याण्णव म्हणजे एकोणचाळीस इंचाला केसभर कमी.

रात्री शटर अर्धं ओढलं.
ती भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली,
पाय सरळ, टाचा ताठ,
जशी बसायची कधीकाळी, काजांची कात्रणं वेचत.
मी गुडघे टेकले. टेप लावला.
साडेअठ्ठ्याण्णव.
पुन्हा लावला. साडेअठ्ठ्याण्णव.
"किती?"
"भरते," म्हटलं. "आरामात भरते."
आजवर कुठल्या गिऱ्हाइकाला
खोटं माप सांगितलं नव्हतं.

आमच्या धंद्यात शिवणीच्या आत जे कापड सोडतात
त्याला माया म्हणतात.
तिच्या शाळेच्या स्कर्टला मी चार बोटं ठेवायचो.
दर जूनमध्ये एक घडी उसवायची,
जुन्या घडीची फिकी रेघ निळ्यावर राहून जायची.
पोरी हसतात, बाबा, रेघ दिसते.
दिसू दे, म्हणायचो, वाढली हे तरी कळते.
हाडात कोणी माया ठेवत नाही.

झोप लागली नाही.
सकाळी फर्निचरवाल्या नंदेश्वरकडून पोलादी पट्टी मागून आणली,
टेप तिच्यावर अंथरला.
माझे नव्याण्णव तिच्या शंभरावर जाऊन पोचत होते.
ओढून ओढून, घामानं, उन्हाळ्यांनी
टेप सैल पडला होता, कधी कोण जाणे,
आणि एवढ्या वर्षांत एकाची पँट बिघडली नाही.
मापही त्याच टेपचं, कापडही त्याच टेपनं कापलेलं.
मी पायरीवर बसून राहिलो.
चहावाला पोऱ्या म्हणाला, मास्टर, काय झालं?
काही नाही बाप्पा. खोटं बोललो होतो,
ते खरं निघून राहिलं.

बंगलोरहून चौथ्या दिवशी कळलं:
नव्याण्णव पूर्णांक चार. फिट.
यादी लागायची आहे अजून.
नाव आलं तर हैदराबादकडे जाणं,
नाही आलं तर एम.एस्सी.चा फॉर्म,
आणखी काही म्हणत होती,
तेवढ्यात दुकानावरून काहीतरी जड गेलं,
आरसा थरथरला, वाक्य अर्धंच पोचलं.
मी हो म्हटलं.

इतवारीतून नवा टेप आणलाय. जुना खिळ्याला आहे.
दुपारी भंडाऱ्याकडचा एक सार्जंट आला,
पँट पिशवीत, लाजत.
"मास्टर, पोट सुटलं. कमरेत माया आहे का?"
मी शिवण उलटी केली,
उजेडाकडे धरली.